जुना पोल स्वस्त पडतो का?

तासगाव भागात बेदाण्याचं शेड उभारायचं ठरलं की महावितरणचे जुने लोखंडी पोल घ्यावेत, असं कुणीतरी सुचवतंच. सल्ला वाईट नाही, पण भाव किलोचा असतो आणि आपल्याला लागते ती लांबी.

100 बाय 116 मिलिमीटरचा आय सेक्शनचा पोल मीटरला 23 किलो भरतो. 11 मीटरचा पोल म्हणजे 253 किलो. हिशेबापुरता भाव 45 रुपये धरू. 11,385 रुपये, वर 18 टक्के जीएसटी, एकूण 13,434. आता पोलाचा साधारण सहावा हिस्सा जमिनीत असतो आणि गंज सगळ्यात जास्त खातो तो जमिनीलगत. तो भाग फूटभर वरपर्यंत कापून टाकायचा. उरतात 8.9 मीटर, म्हणजे 4.4 मीटरचे दोन खांब. खरा भाव किलोला 65 च्या पुढे गेला! कापलेला तुकडा भंगारात जाईल, तेवढेच सुटतील. हायड्रा, वाहतूक, गॅस कटिंग, घासकाम आणि रेड ऑक्साइड वेगळे. त्या दिवशीचा नव्या मालाचा भाव जीएसटीसकट विचारा. फरकात हा खर्च निघत नसेल तर सरळ नवा घ्या.

घेताना हातोडी मारत जा, पापुद्रे सुटतात का पाहा आणि दोन-तीन ठिकाणी व्हर्नियरनं जाडी मोजा. रुळाचा पोल असेल तर त्यात कार्बन जास्त. साध्या रॉडनं केलेलं वेल्डिंग तडकतं. तिथं नटबोल्टच.

सिमेंटचा पोल फुकट मिळाला तरी तुळई किंवा लिंटेल म्हणून टाकू नका. आतल्या तारा ताणलेल्या असतात, आणि पोल कसा आडवा ठेवला यावर त्याची ताकद बदलते. तार उघडी दिसणारा किंवा तडा गेलेला तर कुंपणालाही नको. लाकडी खांबांत मुरवलेली औषधं विषारी असतात, म्हणून बेदाण्याच्या रॅकजवळ ते आणूच नयेत.

आणि बिल. महावितरणचं भंगार ई-लिलावात जातं. व्यापाऱ्याकडून जीएसटी बिल आणि डिलिव्हरी ऑर्डरची प्रत मागा. वळिवात आडवा झालेला पोल बांधावर पडला असला तरी तो महावितरणचाच. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून तो घेतला, तर विद्युत कायदा 2003 च्या कलम 137 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.