खाडीतील जिताडा व बनावट आमिषाची गरी

घाटावरील शेतकऱ्यास खाडीच्या माशाशी काय कर्तव्य, असा प्रश्न हा लेख पाहून कित्येकांच्या मनात येईल. कात्रजच्या डोंगरावर पडलेले पाणी आंबील ओढ्याने मुठेस मिळते व पुढे भीमा-कृष्णेच्या मार्गाने पूर्वसमुद्रास जाते. कोकणच्या खाडीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. नानासाहेब पेशव्यांनी पुण्याच्या पाण्याकरिता बांधविलेला कात्रजचा तलाव आज प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे, तेव्हा तेथे गळ टाकण्याची गोष्टच नको. परंतु कात्रजवरूनच भोर व वरंधा घाटाने महाडास वाट उतरते, आणि हौसेखातर काठी व रीळ घेऊन सावित्रीच्या खाडीकडे वळणारी तरुण मंडळी घाटावरही आता आढळतात. ज्यास ते शोधावयास जातात तो जिताडा होय. आणि जिताड्याचे बीज हा खार जमिनीच्या शेतकऱ्याचा ठेवा आहे. सबब हा विषय आम्ही या मासिकात घेतला आहे.

पेण व अलिबाग तालुक्यांत समुद्राच्या पाण्यापासून बांधाने राखलेल्या भातजमिनी आहेत. या बांधांत पाणी सोडण्याकरिता दारे असतात; त्यांस तिकडे उघाडी म्हणतात. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची पिले भरतीबरोबर खाचरांत व चरांत शिरतात. शेतकरी ती धरून घराजवळच्या तळ्यात सोडतो व दोन-तीन वर्षे वाढवून लग्नकार्यास वा बाजारास काढतो. कृत्रिम रीतीने बीज काढण्याची विद्या आपल्या देशातही आहे. चेन्नईच्या खाऱ्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ साली बंदिस्त जिताड्यापासून पिले मिळविली. तरी घरच्या तळ्यास खाडीने फुकट आणून दिलेल्या बीजाची सर अद्याप कशास नाही.

आता या माशाची एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. लहानपण तो गोड्या व मचूळ पाण्यात काढतो. तीन-चार वर्षांचा झाला म्हणजे प्रथम नर म्हणून वयात येतो, आणि पुढे काही वर्षांनी, अंगाने बराच थोराड झाल्यावर, त्याचीच मादी होते. अर्थात तीन फुटांपलीकडील जिताडा बहुधा मादीच असते. ती पावसाळ्याच्या सुमारास खाडीच्या मुखाशी खाऱ्या पाण्यात लक्षावधी अंडी घालते. गळ टाकणारा मात्र सर्वांत मोठ्या माशाचीच वाट पाहतो, छायाचित्रही त्याचेच काढतो! दुभत्या गाई वेचून कसायास द्याव्या आणि पुढील वर्षी गोठा भरेल अशी आशा धरावी, त्यातलाच हा प्रकार.

गळाने मासे धरण्यास कोकणात गरवणे म्हणतात. जुन्या गरीस कोळंबी वा लहान मासा लावीत. नव्या तऱ्हेत लाकडाचा, प्लॅस्टिकचा किंवा रबराचा बनावट मासा अथवा कोळंबी दोरीस बांधून लांब फेकतात व रीळ फिरवून थांबत-थांबत ओढतात. आपल्याकडील मरळ रबरी बेडकावर झडप घालते हे पुष्कळांनी पाहिले असेल. पण मरळ साचलेल्या पाण्यातील, हवा घेण्यास वर येणारी. जिताडा वाहत्या पाण्याचा. तो प्रवाहाकडे तोंड करून खांब, खडक किंवा तिवरांच्या मुळांआड उभा राहतो आणि प्रवाह जे आणील ते तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. म्हणून आमिषाच्या रंगावर वाद घालीत बसण्यापेक्षा पाणी कोणत्या वेळी कोणीकडे वाहते हे पाहावे.

यास पंचांग पुरते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली असता पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने निघते, हा कोकणातील जुना हिशेब आहे. चतुर्थीस चारची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास भरती पूर्ण; पौर्णिमेस सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजावे. ओहोटी सुमारे सहा तासांनी पूर्ण होते. मुखापासून जसजसे आत जावे तसतशी वेळ मागे पडते, तेव्हा तेथील नावाड्यास विचारून फरक समजून घ्यावा. अष्टमीच्या भांगास पाणी मंद असते. तेव्हा गेलेले बहुधा रिकाम्या हाताने परततात. आमच्या मते द्वितीया ते पंचमी हे दिवस उत्तम, कारण उधाणाचा जोर पुरता सरलेला नसतो आणि ओहोटीची भर दुपार टळल्यावर येते. पंचमीस पावणेचारला भरती झाली, की तास-दीड तासाने खाडी खाली उतरते, उघाडीतून शेतातील पाणी वाहू लागते व त्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासे बाहेर पडतात. त्या धारेच्या कडेस, जेथे गढूळ व निवळ पाण्याची रेघ दिसते, तेथे जिताडा टपलेला असतो. आमिष धारेच्या वर टाकून प्रवाहाबरोबर येऊ द्यावे. मात्र उघाडी कोणाच्या तरी शेताची आहे. मालकास पुसल्यावाचून बांधावर चढू नये, आणि दाराच्या फळ्यांस हात तर मुळीच लावू नये. एका रात्रीचे खारे पाणी आत आले तर भाताचे पीक बुडते. डोलीच्या जाळ्यांपासूनही दूर राहावे.

जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार असते. दोरीच्या शेवटी हातभर जाड तुकडा जोडावा, नाही तर पहिल्याच हिसक्यास ती तुटते. माशाच्या कल्ल्याखाली उघडा हात घालू नये. महाडजवळ सावित्रीत मगरी आहेत, हे सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. पाण्यात उतरून उभे राहू नये. दिवस मावळण्यापूर्वी काठ सोडावा.

धरलेल्यांपैकी ठेवावा कोणता? ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात खाड्यांतील जिताड्यास दोन्ही बाजूंनी मर्यादा आहे: ५८ सेंटिमीटरांहून लहान व १२० सेंटिमीटरांहून मोठा सोडून द्यावा लागतो. आपल्याकडील हौशी मंडळींनी दोन फुटांच्या आतील व तीन फुटांवरील मासा परत सोडावा, असे आम्ही सुचवितो. मधल्यांपैकी एखादा घरी न्यावा. त्याच्या कालवणास आमची हरकत नाही. सोडावयाचा असेल तर गळाच्या टोकामागील उलटा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकावा. मासा पाण्यातच ठेवून, ओल्या हाताने पोटाखाली आधार देऊन गळ काढावा. मोठा मासा जबड्यास धरून उभा टांगल्याने त्यास आतून इजा होते. मग त्याचे तोंड प्रवाहाकडे करून धरावे. शेपटी हलवू लागला की तो आपण होऊन हातातून जातो. पावसाळ्याचे पहिले दोन महिने खाडीच्या मुखाशी गरी टाकूच नये.