जुने ऑइल इंजिन : दुरुस्त करावे की मोडीत घालावे?

साक्री तालुक्यात पांझरेकाठच्या एखाद्या विहिरीवर पाच अश्वशक्तीचे जुने ऑइल इंजिन तुम्ही पाहिले असेल. ते धूर फार सोडते, हँडल मारून मारून माणूस दमतो, आणि घरात वाद सुरू होतो : ठेवावे की विकावे?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातली हवा सुमारे सोळाव्या-सतराव्या हिश्श्यात दाबली की ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या उष्णतेनेच डिझेल पेटते. हवा गळली तर उष्णताही कमी.

म्हणून डिझेल बंद करून, मोठ्यांच्या देखत, हँडल सावकाश फिरवून पाहा. दाब चांगला असेल तर हाताला स्प्रिंगसारखा विरोध जाणवतो. विरोध नसेल, तर सिलिंडरात चार थेंब वंगणतेल सोडून पुन्हा फिरवा. दाब वाढला? मग रिंगा किंवा लायनर झिजले आहेत, कारण तेलाने तीच फट बुजते. वाढला नाही, तर व्हॉल्व्हकडे पाहा. ही दुखणी बरी होणारी आहेत; लायनर बदलता येतो.

आता हिशेब. समजा, तेवढेच पाणी उपसायला १.२ लिटरऐवजी तासाला १.५ लिटर डिझेल लागते. वर्षाला ५०० तासांत १५० लिटर जादा जळाले! दुरुस्तीच्या खर्चाला तेवढ्या डिझेलच्या किमतीने भागा. खर्च किती वर्षांत फिटेल ते कळेल.

पण बिडाच्या मुख्य सांगाड्यालाच तडा असेल, तर हा हिशेब मांडूच नका. तेव्हा चांगले सुटे भाग काढून घ्यावेत. शेजारच्या इंजिनाला ते लागतातच.