टायर-निर्मितीत यंत्रदृष्टी

एस. टी.च्या भरलेल्या बसचा सारा भार रस्त्यावर टेकतो तो प्रत्येक टायरखालच्या सुमारे वीतभर जागेवर. तो टायर निर्दोष आहे, हे कारखान्यात कोण पाहते?

टायर म्हणजे केवळ रबराचे कडे नव्हे. हवा कोंडून ठेवणारा आतला थर, दोऱ्यांचे कापड, पोलादी तारांचे पट्टे आणि वरचा जाड थर एका फिरत्या ढोलावर गुंडाळून कच्चा टायर सिद्ध होतो. पुढे तापलेल्या साच्यात गंधकाच्या योगे रबर पक्के होते. त्यानंतर आतली चूक सुधारता येत नाही. म्हणून थराची दोन टोके जेथे जुळतात तो सांधा ढोलावरच तपासणे इष्ट.

तपासनीसाची अडचण अशी की, येथे काळ्यावर काळे पाहावयाचे असते. साध्या छायाचित्रातही उंचवटा आणि डाग सारखेच दिसतात. यावर योजलेला उपाय सोपा आहे. टायरवर लेसर प्रकाशाची बारीक रेघ पाडावयाची व कॅमेऱ्याने ती तिरकस कोनातून पाहावयाची. पृष्ठभाग उंच असेल तर रेघ एका बाजूस सरकते, खोल असेल तर दुसऱ्या. या सरकण्यावरून त्रिकोणमितीने उंची काढता येते. टायर एक फेरा फिरला की हजारो रेघा मिळून त्याचा उंचसखल नकाशा तयार होतो. त्यावरील अक्षरे संगणकाला आधीच ठाऊक असल्याने तो ती वगळतो.

हवा भरलेल्या टायरच्या बाजूच्या भिंतीवरील खळगा बहुधा निरुपद्रवी असतो. तेथे कापडाचे दोन पदर एकमेकांवर आलेले असतात. फुगवटा मात्र घातक, कारण तेथे दोरे विरळ वा तुटलेले असण्याचा संभव असतो. पाहणाऱ्यास हे उलटेच वाटेल.

तथापि कॅमेऱ्यास आकार दिसतो, चिकटपणा दिसत नाही. २००० साली अमेरिकेत फायरस्टोनचे सुमारे ६५ लाख टायर परत मागविण्यात आले. चालत्या गाडीत त्यांचा वरचा थर सुटून येत होता व त्यात अनेकांचे प्राण गेले. पट्ट्यांमधील रबराची पकड दुबळी असेल, तर बाहेरून निर्दोष दिसणारा टायरही कॅमेऱ्याच्या परीक्षेत उत्तीर्ण होईल. पोलादी तारांची मांडणी पाहण्यासाठी क्ष-किरण वापरतात. पकडीची परीक्षा प्रयोगशाळेत, नमुन्याचा टायर कापूनच करावी लागते.

भिंतीवरील अक्षरेही यंत्र वाचते. त्यांतील चार अंक आपणही वाचू शकतो : ‘३२२४’ म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा. ग्रामपंचायतीच्या टँकरसाठी वा शाळेच्या गाडीसाठी टायर घेताना ते अंक पाहून घ्यावेत, आणि हवा भरल्यावर भिंतीवर फुगवटा आढळल्यास तो टायर त्याच दिवशी विक्रेत्यास परत करावा.