मोडेमचा प्रोग्राम दुरून बदलतो, त्याविषयी थोडेसे



गेल्या उन्हाळ्यात आमच्या गटातील एका सभासदाचा ठिबकचा कंट्रोलर एकाएकी बंद पडला. मोटार ठीक, फ्यूज ठीक, सिमकार्ड चालू. आम्ही चौकशी केली तेव्हा कळले ते असे, की कंपनीने दुरूनच त्यातल्या मोडेमचा प्रोग्राम बदलायला घेतला आणि नेमकी त्याच वेळी लाईट गेली. जुना प्रोग्राम पुसला गेला होता, नवा अर्धाच लिहिला गेला. यंत्र ना इकडचे ना तिकडचे! दुसरे यंत्र यायला ११ दिवस लागले. तोवर घरच्या माणसांनी रात्री-अपरात्री उठून हाताने व्हॉल्व्ह फिरवले. खोडवा वाचला, पण वाढ खुंटली ती खुंटलीच. तेव्हापासून बरेच जण विचारतात, साहेब, ही भानगड काय आहे?

मोडेम, राऊटर, मोबाईल स्टार्टर, शेतातले हवामान केंद्र, या सर्वांच्या पोटात एक कायमचा प्रोग्राम असतो. त्यास फर्मवेअर म्हणतात. त्यात चुका निघतात, चोरवाटा सापडतात, म्हणून तो अधूनमधून बदलावा लागतो. दर वेळी माणूस बांधावर पाठविणे परवडत नाही. घरच्या ब्रॉडबँड राऊटरसाठी टीआर-०६९ नावाची पद्धत २००४ साली ठरली, ती अशी: राऊटर स्वतःच ठराविक वेळाने कंपनीच्या सर्व्हरला आपला नंबर व आपली आवृत्ती कळवतो, जसा आपला चिटबॉय शेतकी ऑफिसला नोंदी देतो तसा. सर्व्हर नव्या फाईलचा पत्ता देतो. राऊटर ती उतरवून घेतो, तपासतो, आतल्या फ्लॅश मेमरीत लिहितो, बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि काम झाल्याची वर्दी देतो.

चांगल्या यंत्रात मेमरीचे दोन कप्पे असतात. नवा प्रोग्राम रिकाम्या कप्प्यात लिहायचा, जुन्याला हात लावायचा नाही. नवा उठला नाही तर यंत्र आपोआप जुन्यावर येते. को ८६०३२ मोडून सगळ्या रानात नवी जात कोणी एकदम लावतो का? आधी चार सऱ्या लावून बघतोच ना! समजदार कंपनीही आधी थोड्या यंत्रांवर बदल करून पाहते, मग बाकीच्यांवर. आमच्या त्या कंट्रोलरला कप्पा एकच होता.

दुसरी गोष्ट दाराची. ज्या दाराने दुरुस्ती येते त्याच दाराने चोरही येऊ शकतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉईश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राऊटर अडखळले. दुरून देखभालीसाठी ठेवलेले ७५४७ क्रमांकाचे पोर्ट बाहेरच्यांना उघडे होते, त्यावर हल्ला झाला. गंमत अशी, की इलाजही दुरूनच झाला. नवे फर्मवेअर तयार करून ग्राहकांना सांगितले, राऊटरची वायर काढा, थोड्या वेळाने लावा. चालू होताना तो नवे घेईल.

२४ फेब्रुवारी २०२२ चा प्रकार याहून वाईट. वायासॅट कंपनीच्या उपग्रह सेवेच्या देखभाल जाळ्यात हल्लेखोर शिरले आणि हजारो मोडेमना रीतसर हुकूम सोडून त्यांची मेमरीच खराब करून टाकली. युक्रेनमधील ग्राहकांची सेवा तर गेलीच, पण जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांवरचा दुरून ताबाही सुटला. पवनचक्क्या मात्र फिरत राहिल्या, कारण त्या आपल्या आपण चालू शकत होत्या. हा मुद्दा आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. मोडेम मेला तरी व्हॉल्व्ह हाताने फिरला पाहिजे, स्टार्टर हाताने दाबता आला पाहिजे.

सबब, ठिबक ऑटोमेशन किंवा मोबाईल स्टार्टर घेताना दुकानदाराला स्पष्ट विचारावे: जुना प्रोग्राम राखून ठेवणारा दुसरा कप्पा आहे का? फाईल कंपनीचीच आहे हे यंत्र सही तपासून ठरवते का? बदलाची वेळ आम्ही ठरवू शकतो का? थ्री फेजच्या भरवशावर राहू नये, मोडेमला बॅटरी हवीच. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. पेटीवर छापलेला तसाच ठेवणारे आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. दिवा लुकलुकत असताना 'बिघडले वाटतं' म्हणून कोणी वायर ओढू नये, दहा-पंधरा मिनिटे थांबावे.

ज्यांच्याकडे अशी यंत्रे आहेत त्यांनी यंत्राचा नंबर, सिमचा नंबर व प्रोग्रामची आवृत्ती गट ऑफिसात नोंदवावी. आम्ही वही घातली आहे.