सच्छिद्र सिलिकेवरील आम्ल-उत्प्रेरक

ॲसेटिक आम्ल व इथिल मद्यार्क यांपासून एस्टर तयार करताना आपण सल्फ्युरिक आम्लाचे थोडे थेंब घालतो. त्याने क्रियेचा वेग वाढतो. परंतु क्रिया संपल्यावर ते आम्ल मिश्रणातच राहते. मग ते अल्कलीने उदासीन करावे लागते, व क्षारयुक्त सांडपाणी तेवढे उरते. हेच आम्लत्व एखाद्या घन पदार्थावर पक्के बसविता आले, तर उत्प्रेरक गाळून पुनः वापरता येईल. ह्या कामी मध्यम छिद्रांची सिलिका उपयोगी पडते.

तिच्या छिद्रांचा व्यास २ ते ५० नॅनोमीटर असतो. एमसीएम-४१ ही अशी सिलिका मोबिल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९९२ साली प्रसिद्ध केली. साबणासारख्या पदार्थाचे रेणू पाण्यात एकत्र येऊन नळीसारखे पुंजके बनवितात. त्यांभोवती सिलिका थिजते. हा साचा काढून टाकला की मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी रचना शिल्लक राहते. तिच्या एका ग्रॅमचे पृष्ठफळ सुमारे १००० चौरस मीटर भरते.

आता आम्ल बसविण्याच्या तीन रीती पाहू. पहिलीत, तयार सिलिकेच्या पृष्ठभागी थायॉल गट जोडून हायड्रोजन पेरॉक्साइडने त्यांचे सल्फॉनिक आम्लगट करतात. मूळ रचना टिकते. पण गट छिद्रांच्या मुखाशीच दाटून आतील वाट अरुंद होण्याचा संभव असतो. दुसरीत, सिलिका घडत असतानाच हे गट मिसळतात. ते सर्वत्र सारखे पसरतात. मात्र त्यांचे प्रमाण फार वाढल्यास रचनेची सुबकता बिघडते. शिवाय साचा जाळून काढता येत नाही, कारण त्याबरोबर सेंद्रिय गटही जळतील. म्हणून तो ऊन मद्यार्काने धुऊन काढावा लागतो. तिसरीत, फॉस्फोटंग्स्टिक आम्लाच्या द्रावणात सिलिका भिजवून वाळवितात. ही रीत सोपी खरी. परंतु बंध दुबळा असल्याने पाणी किंवा मिथेनॉल यांत आम्ल विरघळून निघून जाते.

ते निघून गेले की काय, हे कसे ओळखावे? क्रिया अर्धी झाली असता उत्प्रेरक गरम मिश्रणातून गाळून काढावा. उरलेल्या द्रवात क्रिया पूर्वीच्याच वेगाने चालू राहिली, तर आम्ल द्रवात उतरले असे समजावे.

विद्यार्थी मित्रहो, आधार तोच असूनही कृती बदलताच उत्प्रेरकाचे गुण पालटतात. म्हणून प्रयोगवहीत पदार्थांच्या नावांबरोबर कृतीचा क्रम, तपमान व लागलेला वेळ यांचीही नोंद अवश्य ठेवावी.