बोलकी नाणी

भिवंडी हे नाव उच्चारताच यंत्रमागांची अखंड खडखड कानी येऊ लागते. परंतु यंत्रमाग येण्याच्या कितीतरी शतके आधीपासून हा प्रदेश व्यापाराने गजबजलेला होता. भिवंडीच्या आग्नेयेस कल्याण आणि वायव्येस सोपारा ही प्राचीन बंदरे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या 'पेरिप्लस' नावाच्या प्रवासग्रंथात या दोन्ही बंदरांचा उल्लेख आहे. येथे उतरलेला माल नाणेघाट व थळघाट चढून जुन्नर, नाशिक आणि पैठण या नगरांकडे जाई. भिवंडीजवळच्या लोनाडची बौद्ध लेणी आणि शिलाहारकालीन मंदिर हे त्या गतवैभवाचे आजही उभे असलेले साक्षीदार होत.

जेथे व्यापार तेथे चलन हे ओघानेच आले. सत्ता बदलली की नाणे बदले. उत्तर कोकणात व घाटावर जी नाणी चालली, त्यांची नुसती ओळख करून घेतली तरी दोन हजार वर्षांचा पट डोळ्यांपुढे उलगडतो. सातवाहनांची शिशाची व तांब्याची नाणी. क्षत्रपांची दोन-सव्वादोन ग्रॅम वजनाची, नखाएवढी चांदीची नाणी. इराणी नाण्यांचे अनुकरण होता होता ज्यांवरील राजाचा मुखवटा केवळ रेषा व ठिपके एवढाच उरला, ती 'गधैया' नाणी. चांदीची तार मधोमध दुमडून तिच्यावर ठसा मारलेली, चिमट्यासारखी दिसणारी 'लारी'. आणि एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' ही अक्षरे धारण करणारी तांब्याची शिवराई. इसवी सन १६५७ मध्ये कल्याण आणि भिवंडी ही ठाणी शिवाजी महाराजांनी स्वराज्यात आणली. पुढे राज्याभिषेकानंतर निघालेली शिवराई लोकांच्या एवढी अंगवळणी पडली की स्वराज्य लयाला गेल्यावरही ती बाजारात कित्येक वर्षे चालत राहिली.

अशी नाणी आजही कधी पाया खणताना, कधी विहीर उपसताना, तर कधी नांगराच्या फाळाला लागून वर येतात. त्यांच्यापुढे त्या वेळी तीन वाटा असतात. पहिली वाट सोनाराच्या मुशीकडे जाते. तेथे चांदीचे मोल मिळते, पण नाणे कायमचे मुके होते. दुसरी वाट एखाद्या लोभी संग्राहकाच्या तिजोरीकडे जाते. तेथे नाणे सुरक्षित राहते, पण ते कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तिसरी वाट जाणकारांच्या मेळ्याकडे जाते. तेथे एकाचे नाणे दहा जण पाहतात, परस्परांच्या नाण्यांशी ताडून पाहतात आणि मग ते बोलू लागते. इतिहासाचे पुष्कळसे ज्ञान या तिसऱ्या वाटेनेच आपल्यापर्यंत आले आहे.

कलकत्त्याच्या टांकसाळीत धातूंची कसोटी करणारा जेम्स प्रिन्सेप हा अधिकारी या वाटेवरचा एक थोर प्रवासी. देशाच्या कानाकोपऱ्यांतील नाणकप्रेमी त्याच्याकडे नाणी, त्यांची चित्रे आणि शिलालेखांचे ठसे पाठवीत. तोही ती सारी आपल्या नियतकालिकातून सर्वांपुढे मांडी. अनेकांच्या या सहकार्याच्या बळावर १८३७ च्या सुमारास त्याने ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडले आणि शतकानुशतके मूक असलेले अशोकाचे लेख वाचता येऊ लागले.

प्रिन्सेपने जुळविलेल्या वर्णमालेची एक प्रत पुढे सौराष्ट्रातील जुनागढच्या एका शाळकरी मुलाच्या हाती पडली. त्याचे नाव भगवानलाल इंद्रजी. त्याचा जन्म १८३९ चा. गावाबाहेरच गिरनारचा प्रसिद्ध शिलालेख. हा मुलगा ती वर्णमाला घेऊन त्या शिळेपाशी जाई आणि एकेक अक्षर लावीत बसे. त्याच परिसरात क्षत्रपांची चांदीची नाणी सापडत. ती गोळा करण्याचा छंद त्याला तेव्हाच जडला. त्याची कीर्ती मुंबईतील थोर विद्वान डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्या कानी गेली. त्यांनी भगवानलालांना मुंबईस आणविले. गुरूच्या प्रेरणेने त्यांनी पुढे लेणी, शिलालेख आणि नाणी यांच्या शोधार्थ नेपाळपर्यंत भ्रमंती केली. इंग्रजी भाषेवर त्यांचे प्रभुत्व नव्हते. ते आपल्या भाषेत लिहीत आणि ब्यूलरसारखे विद्वान त्या लेखनाचे भाषांतर करून ते जगापुढे नेत. तथापि खरी विद्वत्ता भाषेच्या कुंपणात अडकून पडत नाही. हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टर ही पदवी दिली.

क्षत्रपांच्या नाण्यांवर दर्शनी बाजूस राजाचा मुखवटा असतो. मागील बाजूस तीन कमानींची टेकडी, चंद्र आणि सूर्य असून भोवती ब्राह्मी अक्षरे असतात. त्या अक्षरांत राजाचे नाव तर असतेच, शिवाय त्याच्या पित्याचेही नाव असते. पुढच्या काळातील नाण्यांवर मुखवट्याच्या मागे शकवर्षाचा आकडाही कोरलेला आढळतो. एकच नाणे पाहणाऱ्याला पिता व पुत्र एवढेच कळेल. परंतु शेकडो नाणी शेजारी मांडली की एका नाण्यावरील पुत्र दुसऱ्या नाण्यावर पिता म्हणून भेटतो आणि अशा रीतीने सबंध वंशावळ तयार होते. भगवानलालांनी हेच केले. ज्या राजघराण्याचा कोणत्याही बखरीत सुसंगत वृत्तान्त नाही, त्याचा कालक्रम त्यांनी नखाएवढ्या चांदीच्या चकत्यांतून उभा केला. त्यांच्या निधनानंतर, १८९० मध्ये, रॅप्सन या विद्वानाने त्यांचा तो निबंध संपादून प्रसिद्ध केला.

भिवंडीपासून जवळच असलेल्या सोपाऱ्याचा प्रसंगही असाच उद्बोधक आहे. १८८२ मध्ये भगवानलालांनी तेथील 'बुरूड राजाचा कोट' नावाची टेकडी खणविली. ती टेकडी म्हणजे वस्तुतः विटांचा बौद्ध स्तूप होता. स्तूपाच्या गाभ्यात दगडाची मोठी वाटोळी पेटी मिळाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि अगदी आत सोन्याचा, असे एकात एक करंडक होते. सोन्याच्या करंडकात मातीच्या एका पात्राचे तुकडे होते. ते भगवान बुद्धांच्या भिक्षापात्राचे असावेत या श्रद्धेने कोणी भक्ताने ते जपले होते. सोन्याची फुलेही होती. परंतु या साऱ्या वैभवात काळाचा धागा हाती दिला तो एका लहानशा चांदीच्या नाण्याने. ते सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचे होते. सोने पाहून डोळे दिपले असते, पण सोन्यावर राजाचे नाव नव्हते. नाण्यावर ते होते. हे अवशेष आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

यानंतर चोवीस वर्षांनी, म्हणजे १९०६ मध्ये, नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा फार मोठा साठा सापडला. रेव्हरंड स्कॉट यांनी तेरा हजारांहून अधिक नाणी तपासली. ती सारी एकाच राजाची, क्षहरात नहपानाची होती. त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर मात्र दुसऱ्याच एका राजाचे ठसे पुन्हा मारलेले दिसले. तो राजा गौतमीपुत्र सातकर्णी. नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमीपुत्राची माता बलश्री हिचा लेख आहे. आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असे ती माउली त्यात अभिमानाने सांगते. मातेने केलेली पुत्राची स्तुती कोणी अतिशयोक्ती मानली असती. परंतु जोगलटेंभीच्या नाण्यांनी तिच्या शब्दांची साक्ष दिली. विजेत्याने पराजिताची नाणी वितळविण्यात वेळ घालविला नाही. त्यांच्यावरच आपली चिन्हे उमटवून ती पुन्हा बाजारात सोडली. नव्या ठशाखाली जुना मुखवटा आजही अर्धवट दिसतो.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्यासारखी आहे. यांतील एकच नाणे कोणास मिळाले असते, तर 'ठसा बिघडलेला दिसतो' असे म्हणून त्याने ते बाजूस टाकले असते. हजारो नाणी एकत्र पाहिली म्हणूनच तो बिघाड नसून विजयाची खूण आहे हे उमगले. नहपानाचे मुखवटेही सर्व नाण्यांवर सारखे नाहीत, कोठे नाक लांब तर कोठे चेहरा तरुण, हेही तेव्हाच लक्षात आले. हा साठा पाहणीपूर्वी मुशीत गेला असता, तर महाराष्ट्राच्या इतिहासातील एक पान कायमचे कोरे राहिले असते.

नाणी एकमेकांना दाखविल्याने ज्ञान वाढते हा अनुभव आल्यावर नाणकप्रेमींनी आपली संघटना उभारणे स्वाभाविक होते. १९१० च्या डिसेंबरात अलाहाबाद येथे मोजके जाणकार एकत्र आले आणि त्यांनी भारतीय नाणकपरिषदेची स्थापना केली. त्यांत मुंबईचे फ्रामजी थानावाला होते आणि अहमदाबादचे रेव्हरंड टेलर होते. कोणी सरकारी अधिकारी, कोणी धर्मोपदेशक, तर कोणी हौशी संग्राहक. त्यांचे धर्म वेगळे, व्यवसाय वेगळे, पण व्यसन एकच. या परिषदेचे कार्यालय पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात आले. महाराष्ट्रात नाशिकजवळच्या अंजनेरी येथे नाणकशास्त्राच्या संशोधनाला वाहिलेली संस्था आहे. तिची स्थापना डॉक्टर परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने १९८० मध्ये झाली. मुंबईत भारतीय रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये नाण्यांचे व नोटांचे स्वतंत्र संग्रहालय उघडले.

भिवंडीच्या एखाद्या विद्यार्थ्याला आजीच्या डब्यात शिवराई सापडली, तर त्याने काय करावे? प्रथम ती चिंचेने वा राखेने घासण्याचा मोह आवरावा. तांब्यावर चढलेला काळसर-हिरवा थर हा मळ नव्हे, ते त्या नाण्याचे वय होय. घासल्याने अक्षरे झिजतात आणि गेलेले अक्षर पुन्हा येत नाही. नंतर एका वहीत नाण्याचे वजन, व्यास, धातू, दोन्ही बाजूंची चित्रे व अक्षरे आणि ते कोठे, कसे, कोणाकडून मिळाले ही हकीकत लिहून ठेवावी. जन्मगाव हरवलेले नाणे अर्धे मुके असते. त्यानंतर ते शिक्षकांना व जाणकारांना दाखवावे. कागद नाण्यावर ठेवून शिसपेन्सिलीने हलके घासल्यास उत्तम ठसा उमटतो. तो मित्राला देता येतो आणि नाणे मात्र आपल्यापाशीच राहते.

जमिनीत पुरलेले धन सापडले तर मात्र नियम निराळा आहे. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे निधान सापडल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. तसेच १९७२ च्या कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेता येत नाहीत. भगवानलालांच्या वेळी हा दुसरा कायदा नव्हता. १८८८ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रानुसार त्यांची नाणी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे गेली. तेथे ती जगभरच्या अभ्यासकांना उपलब्ध झाली आणि १९०८ मध्ये रॅप्सनने सिद्ध केलेल्या मोठ्या सूचीला त्यांचा आधार मिळाला. मात्र ज्या भूमीत ती चालली, त्या भूमीतील विद्यार्थ्यांना ती दुरावली, ही खंतही राहतेच. आपल्या पश्चात आपला संग्रह कोणाच्या हाती जावा, हा प्रश्न म्हणूनच प्रत्येक संग्राहकाने वेळीच मनाशी सोडवावा लागतो.

भिवंडीच्या मागावर एकटा धागा कितीही रेशमी असला, तरी त्याचे वस्त्र होत नाही. ताणा आणि बाणा एकमेकांत गुंतावे लागतात. नाण्यांचेही तसेच आहे. मुठीत झाकलेले नाणे ही केवळ मालमत्ता असते. तळहातावर ठेवून शेजाऱ्यापुढे धरलेले नाणे ही विद्या होते. आणि मालमत्ता वाटली तर घटते, विद्या वाटली तर वाढते, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक आहे.

अभ्यास

१. जमिनीत सापडलेल्या नाण्यांपुढे कोणत्या तीन वाटा असतात? त्यांतील तिसरी वाट श्रेष्ठ का?
२. क्षत्रपांच्या नाण्यांवरून वंशावळ कशी तयार करता येते, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.
३. सोपाऱ्याच्या स्तूपात सोन्यापेक्षा चांदीचे नाणे अधिक मोलाचे का ठरले?
४. 'जोगलटेंभीच्या नाण्यांनी बलश्रीच्या शब्दांची साक्ष दिली.' स्पष्ट करा.
५. भगवानलालांनी आपला संग्रह परदेशातील संग्रहालयास दिला. त्याचा लाभ कोणता व हानी कोणती? तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.
६. वाक्यांत उपयोग करा : अंगवळणी पडणे, डोळे दिपणे, मोह आवरणे, साक्ष देणे.
७. घरातील एखादे जुने नाणे पाहून त्याची पाठात सांगितल्याप्रमाणे नोंद करा व ती वर्गात वाचून दाखवा.