‘शिष्ट आहे ती’ हे ऐकून थकले आहे

प्रश्न : वय ३४. गेल्या वर्षी मला स्वमग्नता असल्याचे निदान झाले. लग्नकार्यात गोंगाट सोसत नाही म्हणून मी बाजूला बसते, तर नातेवाईक ‘शिष्ट’, ‘माणूसघाणी’ म्हणतात. ऑफिसातही सगळे मला जोखत आहेत असे वाटत राहते. काय करू?

उत्तर : हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत, हे आधी सांगते. लोक खरोखरच जोखतात, आणि पुष्कळदा चुकीचे जोखतात. ब्रिटिश संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२मध्ये मांडले की, स्वमग्न आणि इतर माणसांमधला विसंवाद दुहेरी असतो. समोरच्यालाही तुम्ही उमगत नाही. मग सारी दुरुस्ती तुम्हीच का करायची?

दिवसभर नजरेला नजर देत, ठरवून हसत ‘चारचौघींसारखे’ दिसणे फार दमवते. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकजणी घरी पोचताच दिवे मालवून पडून राहतात. म्हणून हा मुखवटा लागणार नाही असे एखादे तरी माणूस जवळ ठेवा. लग्नाला जा, अक्षता टाका, जेवा आणि निघा. यजमानांना आधीच सांगा, ‘मला आवाजाचा त्रास होतो, तासभर थांबेन.’ निदान सांगायचे की नाही, कोणाला सांगायचे, हे तुम्हीच ठरवा.

ऑफिसात लेखी सूचना, कोपऱ्यातली जागा, हेडफोन एवढे निःसंकोच मागा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. आणि झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.